कामगारांचे राज्य आणि कामगारांचा संप

कम्युनिस्ट राज्य म्हणजे काय, असे विचारले की उत्तर बहुतेक वेळा अर्थव्यवस्थेबद्दल मिळते. कारखाने सरकारी, जमीन सरकारी, खासगी मालमत्तेवर बंदी, दुकानापुढे रांगा. हे उत्तर आज टिकत नाही. चीनमध्ये अब्जाधीश उद्योगपती आहेत, शेअर बाजार आहे, आणि शांघायमध्ये नोकरदार माणसाला घर घेणे मुंबईइतकेच जड जाते. व्हिएतनाममध्ये परदेशी कंपन्यांचे कपडे आणि बूट शिवले जातात. तरीही हे दोन्ही देश, क्युबा आणि लाओससह, कम्युनिस्ट राज्यांतच मोजले जातात आणि ते बरोबरच आहे. उलट सरकारी बँका, सरकारी पोलाद कारखाने, रेशन कार्ड आणि पंचवार्षिक योजना हे सगळे आपल्याकडेही होते, पण भारत एक दिवसही कम्युनिस्ट राज्य नव्हता. तेव्हा खरी खूण राज्यकारभाराच्या रचनेत शोधायला हवी. माझ्या मते ती अशी आहे: कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे कायमचा गेलेला असतो आणि तो परत घेण्याची कोणतीही सोय कामगारांच्या हाती उरलेली नसते.

मी गिरणगावात वाढलो. वडील साचाखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात होते. आमच्या भागात लाल बावट्याबद्दल बोलताना लोकांचा आवाज आजही बदलतो, आणि तो का बदलतो हे मला ठाऊक आहे. १९२८ च्या सार्वत्रिक संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तिच्या पुढाऱ्यांना पुढच्याच वर्षी मीरत कटाच्या खटल्यात अडकवून इंग्रजांनी वर्षानुवर्षे तुरुंगात ठेवले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कम्युनिस्ट पुढे होते, डफावर थाप मारणारे शाहीर त्यांचे होते. १९५७ मध्ये कॉम्रेड डांगे मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले ते याच माणसांच्या जोरावर. जून १९७० मध्ये परळ-लालबागचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, ती जखम जुन्या माणसांच्या बोलण्यातून अजून गेलेली नाही. हे सगळे मनात ठेवूनच मी म्हणतो आहे की कम्युनिस्ट राज्य ही कामगाराच्या हिताची राज्यपद्धती नाही. मालकांच्या बाजूने असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते कामगाराच्या बाजूने म्हणायचे आहे.

कागदावर पाहिले तर अशा राज्याची घटना आपल्या घटनेपेक्षा फार वेगळी दिसत नाही. कायदेमंडळ असते, मंत्रिमंडळ असते, न्यायालये असतात, निवडणुका होतात, नागरिकांच्या हक्कांचे प्रकरण असते. १९३६ च्या सोव्हिएत घटनेत भाषणाचे, छपाईचे, सभेचे स्वातंत्र्य लिहिलेले होते. निवडून दिलेला प्रतिनिधी नको वाटला तर त्याला परत बोलावण्याचा हक्कसुद्धा होता. ती घटना डिसेंबर १९३६ मध्ये मंजूर झाली, आणि १९३७ व १९३८ या दोन वर्षांत त्याच देशात, सरकारी नोंदींनुसारच, पावणेसात लाखांहून अधिक माणसांना गोळ्या घालून मारण्यात आले. हक्क लिहिले होते, पण ते मागायला जायचे कुणाकडे? न्यायाधीश पक्षाने नेमलेला, संपादक पक्षाने नेमलेला, युनियनचा सेक्रेटरी पक्षाने नेमलेला.

नेमणुका हेच या राज्यपद्धतीचे खरे यंत्र आहे. सोव्हिएत संघात महत्त्वाच्या पदांची आणि त्या पदांवर बसवण्याजोग्या माणसांची यादी पक्षाच्या कचेऱ्यांत ठेवली जाई. कारखान्याचा संचालक, विद्यापीठाचा कुलगुरू, वर्तमानपत्राचा संपादक, सगळे त्या यादीतून येत. चीनमध्ये आज हेच काम पक्षाचा संघटन विभाग करतो. सरकारी कंपनीचा प्रमुख कोण, प्रांताचा राज्यपाल कोण, हे तिथे ठरते आणि मग रीतसर निवड होते. पीपल्स लिबरेशन आर्मी ही देशाची फौज आधी पक्षाची फौज आहे. तिची निष्ठा पक्षाला वाहिलेली आहे. पक्षाच्या आत लेनिनपासून चालत आलेला लोकशाही केंद्रवाद चालतो: निर्णयापूर्वी चर्चा करा, निर्णयानंतर सगळ्यांनी तोच पाळा. लढाऊ संघटनेला ही शिस्त एक वेळ शोभते. पण संघटना आणि सरकार एकच झाले की हीच शिस्त सगळ्या देशाला लागू होते, ज्यांनी पक्षाचे सभासदत्व कधी मागितलेच नाही त्यांनासुद्धा.

घटनांमध्ये हे लपवलेलेही नसते. १९७७ च्या सोव्हिएत घटनेचे कलम ६ कम्युनिस्ट पक्षाला सोव्हिएत समाजाची नेतृत्व करणारी आणि दिशा देणारी शक्ती म्हणत होते. व्हिएतनामच्या घटनेत कलम ४ त्याच कामासाठी आहे, क्युबाच्या २०१९ च्या घटनेत कलम ५. चीनने २०१८ मध्ये पहिल्या कलमातच पक्षाच्या नेतृत्वाचे वाक्य घातले. त्याच दुरुस्तीने राष्ट्राध्यक्षाला दोनच कार्यकाळ ठेवणारी मर्यादाही काढली. बीजिंगच्या ग्रेट हॉलमध्ये ११ मार्च २०१८ रोजी चिनी संसदेत त्यावर मतदान झाले. बाजूने २९५८, विरोधात २, तटस्थ ३, एक मत बाद. एकशेचाळीस कोटींच्या आसपास लोकसंख्या असलेल्या देशात इतक्या मोठ्या प्रश्नावर दोनच माणसांचे मत वेगळे असेल, हे मानायला मी तयार नाही. ज्यांचे वेगळे होते ते त्या सभागृहात पोचूच शकत नव्हते.

सोव्हिएत संघाने मार्च १९९० मध्ये कलम ६ बदलले, पक्षाची मक्तेदारी काढली. पावणेदोन वर्षांत तो देशच नकाशावरून गेला. यावरून त्या एका कलमावर किती भार होता ते कळते. कारखाने तेव्हाही सरकारीच होते. गेली ती फक्त पक्षाची कायमची खुर्ची, आणि तिच्याबरोबर राज्य गेले.

मुंबईच्या गिरणी कामगाराला ही रचना समजावून सांगायला राज्यशास्त्राचे पुस्तक लागू नये, कारण तिची छोटी आवृत्ती त्याने स्वतः सोसली आहे. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, ज्याला सगळे बीआयआर म्हणत, त्याने एका धंद्यात एका शहरापुरती एकच प्रातिनिधिक युनियन ठरवली. धंद्यातल्या एकूण कामगारांपैकी २५ टक्के सभासद दाखवले की मान्यता मिळे. ते सभासद वहीत मोजले जात. गुप्त मतदान नव्हते. एकदा मान्यता मिळाली की मालकांशी बोलणार तीच, करार करणार तीच, आणि तिने सही केलेला करार तिचे तोंडही न पाहिलेल्या कामगारावर बंधनकारक. औद्योगिक न्यायालयात ती उभी राहिली की कामगाराला स्वतः उभे राहता येत नसे. गिरणीच्या आवारात पगाराच्या जागी वर्गणी गोळा करायचा हक्कही कायद्याने तिच्याकडे. दुसरी युनियन काढायला बंदी नव्हती, पण त्या युनियनशी बोलायला कुणी बांधील नव्हते.

पगाराच्या दिवशी वर्गणीची पावती घेऊन वडील घरी आले की ती भिंतीच्या खिळ्याला लावत. ते त्या युनियनच्या सभेला कधी गेल्याचे मला आठवत नाही. गेटवर सभा दुसऱ्यांच्या होत आणि वडील तिथे उभे राहत. साचाखाते म्हणजे यंत्रांच्या खडखडाटात आठ तास, शेजारच्याशी बोलायचे तर ओठांवरून ओळखायचे. बाहेर आल्यावर माणसाला कुणाचा तरी आवाज ऐकायचा असे आणि आपलाही कुणी ऐकावा असे वाटे. कागदावर त्यांचा प्रतिनिधी एक होता, मनाने दुसरा. असा कागद आणि असे मन यांच्यामधली दरी कितीही वर्षे तशीच ठेवता येत नाही. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून ठिणगी पडली आणि १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. पगारवाढ आणि बदली कामगारांना कायम करणे या मागण्या तर होत्याच, पण बीआयआर कायदा रद्द करा ही मागणी त्यांच्या बरोबरीची होती. आमच्या वतीने कोण बोलणार हे आम्ही ठरवू, एवढेच ते मागत होते.

कम्युनिस्ट राज्य म्हणजे बीआयआर कायदा अख्ख्या देशाला लावणे. मान्यताप्राप्त युनियनच्या जागी पक्ष, गिरणीच्या जागी देश. आणि गेटवर दुसऱ्याची सभा होण्याची मोकळीकही नाही.

आता आणखी एक तारीख त्या संपाशेजारी ठेवून पाहा. पोलंडमध्ये ग्दान्स्कच्या गोदी कामगारांनी ऑगस्ट १९८० मध्ये संप केला. त्या गोदीला नाव लेनिनचे होते. त्यांच्या २१ मागण्यांतली पहिली मागणी पक्षापासून आणि मालकापासून स्वतंत्र युनियनची होती, आणि तिथे मालक म्हणजे सरकारच होते. ३१ ऑगस्टला करार झाला, सॉलिडॅरिटी नावाची युनियन उभी राहिली आणि वर्षभरात तिचे सभासद एक कोटीच्या घरात गेले. १३ डिसेंबर १९८१ ला लष्करी कायदा पुकारून ती चिरडण्यात आली, पुढारी रातोरात उचलले गेले. मुंबईचा संप सुरू झाला तो यानंतर पाच आठवड्यांनी. परळचा विणकर आणि ग्दान्स्कचा गोदी कामगार यांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण दोघांची मागणी शब्दाला शब्द जुळते. आपल्याकडच्या बऱ्याच डाव्या मंडळींनी मात्र यातल्या एका संपाला कामगारांचा लढा म्हटले आणि दुसऱ्याला साम्राज्यवाद्यांचे कारस्थान. याचे मला आजही वाईट वाटते.

आणि नोवोचेरकास्कबद्दल तर आपल्याकडे कुणी बोलतच नाही. दक्षिण रशियातले हे गाव, तिथे रेल्वे इंजिनांचा मोठा कारखाना. १९६२ सालची गोष्ट. कारखान्यात कामाचे दर आधीच कापले होते, म्हणजे तेवढ्याच कामाला पगार कमी. १ जूनला रेडिओवर जाहीर झाले की मांस आणि लोणी महागले. ओतकामाच्या खात्यातले कामगार आवारात जमले आणि संचालकाला विचारू लागले की आता खायचे काय. मांस परवडत नसेल तर काळजाचे सारण घातलेल्या पुऱ्या खा, असे काहीसे तो म्हणाला. कारखान्याचा भोंगा वाजवण्यात आला आणि काम थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी हजारो माणसे शहराकडे चालत निघाली. हातात लाल झेंडे होते, लेनिनच्या तसबिरी होत्या. ही माणसे राज्य उलथायला निघालेली नव्हती. आपल्याच राज्याकडे गाऱ्हाणे घेऊन निघाली होती, जसे कामगार मैदानावरून मोर्चे निघत तशी.

वाटेत पुलावर रणगाडे होते. तिथल्या फौजेची सूत्रे हाती असलेले जनरल मात्वेय शापोश्निकोव्ह यांनी रणगाडे मोर्च्यावर घालायला नकार दिला. ज्याच्यावर रणगाडे घालावेत असा शत्रू मला समोर दिसत नाही, असे त्यांनी वरिष्ठांना सांगितले. मोर्चा पूल ओलांडून पक्षाच्या कचेरीसमोरच्या चौकात पोचला. तिथे दुसरे सैनिक होते आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. २६ माणसे मेली. प्रेते घरच्यांना दिली नाहीत, रात्री दूरदूरच्या दफनभूमींत गुपचूप पुरली. नंतर खटले चालवून सातजणांना मृत्युदंड दिला, शंभराहून अधिक लोकांना तुरुंगात टाकले. वर्तमानपत्रांत ओळ नाही. पंचवीस वर्षांहून अधिक काळ देशाला हे अधिकृतपणे कळलेच नाही. शापोश्निकोव्हांना पुढे पक्षातून काढून टाकण्यात आले.

गोळीबार आपल्याकडेही झाले आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०६ हुतात्मे झाले, आणि ते लोकशाही सरकारच्या पोलिसांच्या गोळ्यांनी. पण त्यांची नावे आपल्याला माहीत आहेत, फ्लोरा फाउंटनला त्यांचे स्मारक आहे, ज्या सरकारने गोळ्या झाडल्या त्याला पुढच्या निवडणुकीत त्याची किंमत मोजावी लागली आणि शेवटी मुंबईसह महाराष्ट्र द्यावा लागला. नोवोचेरकास्कच्या कामगाराकडे यातले काहीच नव्हते. त्याच्याकडे दुसरा पक्ष नव्हता, दुसरे वर्तमानपत्र नव्हते, दुसरी युनियन नव्हती. जो पक्ष त्याचा प्रतिनिधी तोच त्याचा मालक, आणि तोच त्याचा न्यायाधीश. कामगारवर्गाचे राज्य आहे म्हटल्यावर कामगाराचा संप हा कामगारांविरुद्धचाच गुन्हा ठरतो, हा तर्क त्या राज्यपद्धतीच्या पायातच आहे. चीनच्या १९७५ आणि १९७८ च्या घटनांमध्ये संपाचा हक्क लिहिलेला होता. १९८२ च्या घटनेतून तो काढून टाकला. आमचा संप चालू होता त्याच वर्षी.

हे असे का झाले? माणसे वाईट निघाली, स्टालिन वाईट निघाला, असे उत्तर अनेक जुने कॉम्रेड देतात. मला ते पटत नाही, कारण वळण त्याच्या आधीचे आहे. मार्क्सने १८७१ च्या पॅरिस कम्यूनचे, म्हणजे पॅरिसमधल्या कामगारांच्या अल्पायुषी सरकारचे कौतुक केले ते तिथले प्रतिनिधी निवडून आलेले होते, कधीही परत बोलावता येत होते आणि कामगाराइतकाच पगार घेत होते म्हणून. रशियात क्रांती झाल्यावर घटना समितीची निवडणूक झाली. लेनिनच्या पक्षाला, म्हणजे बोल्शेविकांना, सुमारे चौथाई मते मिळाली, सर्वांत जास्त जागा समाजवादी क्रांतिकारकांना, म्हणजे दुसऱ्या एका डाव्या पक्षाला. जानेवारी १९१८ मध्ये ती समिती एकदाच बसली. पहाटे एका खलाशाने अध्यक्षांना सांगितले की पहारेकरी थकले आहेत, आता सभा आटोपा. दुसऱ्या दिवशी दारे उघडली नाहीत. मार्क्सवादी पुढारी रोझा लक्झेम्बर्ग तेव्हा जर्मनीत तुरुंगात होती, क्रांतीच्या बाजूची होती, आणि तिने तिथूनच बजावले की वेगळा विचार करणाऱ्याचे स्वातंत्र्य गेले की सार्वजनिक जीवन झोपी जाते आणि मूठभर पुढारी उरतात. मार्च १९२१ मध्ये क्रोनश्टाटच्या नाविक तळावरच्या खलाशांनी एका पक्षाच्या वर्चस्वातून मुक्त सोव्हिएत, म्हणजे कामगार-सैनिकांनी निवडलेल्या परिषदा, मागितले, तेव्हा त्यांच्यावर फौज घातली गेली. त्याच महिन्यात पक्षाच्या दहाव्या अधिवेशनाने पक्षाच्या आतले गटही बेकायदा ठरवले. आधी दुसरे पक्ष गेले, मग स्वतंत्र सोव्हिएत, मग पक्षातलेच दुसरे मत. हे सगळे लेनिनच्या हयातीत झाले.

आपल्याकडे हा धोका सर्वांत स्पष्ट कुणाला दिसला असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना, आणि ते मालकांच्या बाजूचे खासच नव्हते. १९३८ साली मुंबईच्या काँग्रेस सरकारने संपावर बंधने घालणारे औद्योगिक विवाद विधेयक आणले, तेव्हा संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, असे त्यांनी विधानसभेत मांडले. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. त्यापूर्वी १९२८ च्या संपाच्या वेळी, साचाखात्यात अस्पृश्यांना शिरू दिले जात नाही हा प्रश्न त्यांनी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून सवर्ण कामगार विटाळ मानत. कामगारवर्ग एकच आहे, त्याचे हित एकच आहे, म्हणून त्याचा पक्षही एकच पुरे, या सिद्धांताला गिरणीच्या एका खात्याने तिथेच खोटे पाडले होते. वर्गाच्या पोटात जाती होत्या, बायका होत्या, बदली होते, कायम होते. या सगळ्यांचे गाऱ्हाणे एकच तोंड सांगू शकत नाही. भारताच्या घटना समितीतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आंबेडकरांनी म्हटले की कम्युनिस्टांना ही घटना नको आहे ती ती वाईट आहे म्हणून नव्हे. त्यांना कामगारवर्गाच्या हुकूमशाहीवर आधारलेली घटना हवी आहे आणि ही संसदीय लोकशाहीवर उभी आहे. पुढे आयुष्याच्या अखेरीला त्यांनी विचारलेला प्रश्न तर अजून अनुत्तरित आहे: ही हुकूमशाही संपणार कधी, आणि राज्यसंस्था विरून गेली की तिच्या जागी काय येणार?

या राज्यांनी काही दिलेच नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. हिटलरला हरवण्यासाठी सोव्हिएत संघाने सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गमावली. क्युबाने १९६१ या एका वर्षात खेड्यापाड्यांत शिक्षक पाठवून निरक्षरता जवळपास पुसली. पवईची आयआयटी १९५८ मध्ये उभी राहिली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर. आमच्या चाळीतली पोरे तिथे शिकली तेव्हा त्यांनी वापरलेली यंत्रे रशियन होती. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले की १९५९ ते १९६१ या काळातला चीनमधला महाभयंकर दुष्काळ, ज्यात कोट्यवधी माणसे मेली, तो लांबला कारण सरकारला विचारणारे वर्तमानपत्र आणि विरोधी पक्ष तिथे नव्हते. पण त्याच सेन यांनी हेही दाखवले की दुष्काळ नसलेल्या वर्षांत भारतात उपासमारीने आणि आजाराने गुपचूप मरणारी माणसे चीनपेक्षा कितीतरी जास्त होती. हा दुसरा भाग आपल्याकडे सोयीने गाळला जातो. दवाखाना, शाळा, पोटभर अन्न या गोष्टी कम्युनिस्ट राज्यांनी मनावर घेतल्या आणि आपण पुरेशा घेतल्या नाहीत. पण त्यांना एका पक्षाची सत्ता लागते, हे खरे नाही. केरळने ते दाखवून दिले.

केरळ, बंगाल, त्रिपुरा इथे कम्युनिस्ट पक्षांची सरकारे होती, कम्युनिस्ट राज्य नव्हते. हा फरक मुंबईतल्या चर्चांमध्ये रोज पुसला जातो. १९५७ मध्ये ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे सरकार मतांनी आले. १९५९ मध्ये दिल्लीने ते बरखास्त केले, म्हणजे तिथे लोकशाही कम्युनिस्टांनी मोडली नाही, केंद्राने मोडली. बंगालमध्ये ३४ वर्षे सत्ता भोगून, नंदीग्रामच्या गोळीबारानंतर, २०११ मध्ये डावी आघाडी हरली आणि खुर्ची सोडून घरी गेली. चीनच्या किंवा क्युबाच्या नागरिकाने असा दिवस कधी पाहिलेला नाही. तेव्हा भाडे नियंत्रणाबद्दल किंवा सरकारी इस्पितळाबद्दल बोलणाऱ्या माणसाला कम्युनिस्ट राज्य आणायचे आहे असा आरोप करणे चूक आहे. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने मंजूर केलेले जनसुरक्षा विधेयकही मला याच कारणाने सलते. कडव्या डाव्या संघटनांचे नाव पुढे करून कोणती संघटना बेकायदा हे ठरवण्याचा अधिकार ते सरकारच्या हाती देते. कोणी संघटना काढावी आणि कोणी काढू नये हे सरकारने ठरवायचे, ही तर कम्युनिस्ट राज्याचीच पद्धत झाली.

एक आक्षेप मला गिरणगावातच ऐकावा लागतो आणि तो हलका नाही. लोकशाहीने आम्हाला काय दिले? संप मोडला, गिरण्या बंद पडल्या, जमिनीवर मॉल आणि टॉवर आले, आणि गिरणी कामगार व त्यांची मुले घरांसाठी अजून आझाद मैदानावर मोर्चे आणतात. हे खरे आहे. बीआयआर कायदाही त्या संपाने गेला नाही. पण डिसेंबर १९८४ मध्ये, देशभर काँग्रेसची लाट असताना, हरलेल्या संपाचे पुढारी दत्ता सामंत याच गिरणगावातून लोकसभेवर निवडून गेले. पोट उपाशी असलेल्या माणसांनी मतपेटीत सांगितले की आमच्या वतीने बोलणारा हा. त्या वेळी सॉलिडॅरिटी बेकायदा होती आणि पोलंडच्या कामगाराला तसे सांगायला जागा नव्हती. गिरणी कामगाराला त्या मताने घर मिळाले नाही हे मला कळते. तरी ते मत त्याच्याकडे होते म्हणून त्याचा मोर्चा अजून निघतो, आणि कोणत्याही पक्षाचा मंत्री त्याला सरळ तोंड फिरवू शकत नाही.

म्हणून माझे मागणे मुंबईतल्या डाव्या पक्षांकडे आणि युनियनकडे आहे, कारण मला त्यांच्याबद्दल अजून आस्था आहे. युनियनची मान्यता गुप्त मतदानाने ठरावी, ही मागणी तुम्ही गेली कित्येक दशके करता आहात आणि ती शंभर टक्के न्याय्य आहे. तीच मागणी बीजिंग आणि हॅनोईबद्दलही करा. जुलै २०१८ मध्ये दक्षिण चीनमधल्या शेनझेनच्या जासिक कारखान्यातल्या कामगारांनी स्वतःची युनियन काढायचा प्रयत्न केला. त्यांना कामावरून काढले, अटका झाल्या. त्यांच्या मदतीला बीजिंगच्या विद्यापीठांतली मुले धावली, मार्क्स वाचलेली, माओची जयंती साजरी करणारी मुले. ऑगस्टमध्ये पोलिसांनी त्यांच्या मुक्कामावर धाड घातली. त्याच वर्षी २६ डिसेंबरला, माओच्या सव्वाशेव्या जयंतीच्या दिवशी, बीजिंग विद्यापीठाच्या मार्क्सवादी मंडळाचा प्रमुख विद्यार्थी जयंतीच्या कार्यक्रमाला निघाला असताना पोलिसांनी त्याला वाटेत उचलले. २०२१ मध्ये चिनी पक्षाची शताब्दी झाली तेव्हा आपल्या डाव्या पक्षांनी शुभेच्छा दिल्या. शेनझेनच्या त्या कामगारांसाठी आणि त्या पोरांसाठी परळमध्ये एक सभा घ्या. गेटवर घेतलीत तरी चालेल, लोक येतील.